थपडेची मैफल

व्हिएन्नामध्ये एकदा एका थोबाडीत मारल्याचा खटला कोर्टात उभा राहिला होता. मारणारा होता एका संगीताच्या कार्यक्रमाचा संयोजक, एऱ्हार्ड बुशबेक. मार खाणारा होता एक श्रोता. साक्षीदारांत ऑस्कर श्ट्राउस हे त्या काळचे लोकप्रिय संगीतकार होते. (वॉल्ट्झवाले योहान श्ट्राउस ते हे नव्हेत. यांच्या नावात एक 'एस' कमी आहे.) साक्ष देताना ते म्हणाले म्हणे, की त्या संपूर्ण संध्याकाळी कानाला सुरेल लागलेला आवाज म्हणजे त्या थपडेचाच!

कोर्टात हशा पिकला असणारच. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. इतिहासाच्या बाईंना असले किस्से फार आवडतात, वर्ग जागा राहतो. पण मग त्या संध्याकाळी नेमकं काय वाजलं होतं ते शोधत गेले आणि हसू हळूहळू कमी झालं. ते का, तेच आज सांगते.

तारीख ३१ मार्च १९१३. जागा म्युझिकफेराइनचं मोठं सभागृह. तेच ते सोनेरी सभागृह, जिथून दर १ जानेवारीला नववर्षाची मैफल जगभर दाखवतात आणि आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनीही जिथे ती पाच वेळा संचालित केली आहे. त्या दिवशी कंडक्टर होते आर्नोल्ड शोनबर्ग. कार्यक्रमात त्यांची स्वतःची एक रचना होती. त्यांचे दोन शिष्य, आंतोन वेबर्न आणि आल्बान बर्ग, यांच्या नव्या रचना होत्या. झेमलिन्स्की यांची गाणी होती. आणि शेवटी, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या गुस्ताव्ह माहलर यांची, मुलांच्या मृत्यूवरची गाणी व्हायची होती.

सुरुवात वेबर्नच्या सहा तुकड्यांनी झाली. सगळे मिळून जेमतेम बारा मिनिटांचे. म्हणजे आपल्याकडे गवयाचा तंबोरा लागून होईपर्यंत हे संपलेसुद्धा. लोक हसायला लागले. आता या सहांतला चौथा तुकडा घ्या. ती शोकयात्रा आहे. वेबर्नची आई १९०६ साली गेली. त्यानंतर तीन वर्षांनी त्याने हे लिहिलं. खालून कुठूनतरी ढोलांचा आणि घंटांचा अगदी दबलेला आवाज येतो, मग त्यावर वाऱ्याची वाद्यं तुटक तुटक काही बोलतात आणि शेवटी सगळं एकदम फुटतं. त्या दिवशीच्या श्रोत्यांना आईचं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण मला ते आता ठाऊक आहे, आणि तो हशा माझ्या डोक्यातून जात नाही.

मग शोनबर्ग यांची रचना झाली. गोंधळ वाढतच गेला. टाळ्या वाजवणारे आणि शिट्ट्या मारणारे एकमेकांवर ओरडू लागले. त्यानंतर बर्गची दोन गाणी आली आणि सगळाच ताल सुटला.

बर्गची ही गाणी पेटर आल्टनबर्ग या लेखकाच्या ओळींवर होती. पोस्टकार्डावर मावतील एवढ्याच ओळी. त्यांना बर्गने दिला होता भला थोरला ऑर्केस्ट्रा! एका गाण्यात तर त्याने बाराही सूर एकदम वाजवले आहेत. पेटीच्या एका सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकत्र दाबल्या तर जे होईल तेच, फक्त इथे ते सूर खालीवर पसरून निरनिराळ्या वाद्यांना वाटून दिलेले आहेत. ऐकायला ते कर्कश नाही, धुक्यासारखं वाटतं. पण तेव्हा ऐकतंय कोण! कवी आणि संगीतकार दोघांनाही वेड्यांच्या इस्पितळात घाला, अशी आरोळी उठली. यातला क्रूरपणा असा, की आल्टनबर्ग त्या दिवसांत खरोखरच मनोरुग्णालयात होते. आणि हे व्हिएन्नात पुष्कळांना माहीत होतं.

हातघाईवर आलेल्या लोकांना कोणी आवरेना. ती थप्पड बसली ती याच गदारोळात. माहलरची गाणी झालीच नाहीत. कार्यक्रम अर्ध्यावर बंद करावा लागला. तेव्हापासून व्हिएन्नात या मैफलीला 'थपडेची मैफल' म्हणतात.

बर्ग तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. गुरूंनीही नंतर त्याच्या या असल्या छोट्या छोट्या रचनांबद्दल नापसंतीच दाखवली. त्याने ती पाच गाणी बाजूला ठेवली, पुन्हा ती वाजवली जावीत म्हणून प्रयत्नच केला नाही. पुढे तो 'वोत्सेक' या ऑपेराने नावारूपाला आला, १९३५ साली वारला. पाचही गाणी सलग, ऑर्केस्ट्रासह पहिल्यांदा गायली गेली ती १९५३ साली, रोममध्ये. स्वतःची ही गाणी पूर्ण कशी वाटतात हे त्याने कधीच ऐकलं नाही. श्ट्राउससाहेबांच्या विनोदाची किंमत कोणी दिली, हे विचारलं तर हे उत्तर आहे.

आता कुणी म्हणेल, व्हिएन्नाच्या लोकांना शोनबर्गशी वैरच होतं. तर तसंही नाही! याच सभागृहात, पाचच आठवडे आधी, २३ फेब्रुवारी १९१३ रोजी याच शोनबर्ग यांचं 'गुर्रेची गाणी' हे प्रचंड काम पहिल्यांदा सादर झालं होतं. शेकड्यांनी गायक-वादक, जुन्या दंतकथेवरची प्रेमकहाणी, आणि शेवटी सूर्योदय. लोक अक्षरशः वेडे झाले, नावाचा गजर करत राहिले. शोनबर्ग मंचावर आले. त्यांनी वादकांना वाकून नमस्कार केला. श्रोत्यांकडे पाठ केली आणि तसेच निघून गेले.

हा माणूस असा का वागला असेल? मला वाटतं, त्यांना कळत होतं की या टाळ्या जुन्या शोनबर्गला पडताहेत. ते काम त्यांनी १९०० साली सुरू केलं होतं. पुरं व्हायला १९११ उजाडलं, आणि तेवढ्यात ते स्वतः कुठल्याकुठे निघून गेले होते. तेरा वर्षांपूर्वीच्या आपल्यासाठी लोक उभे राहतात आणि आजच्या आपल्याला शिट्ट्या मारतात, हे त्यांना झोंबलं असणार. तरीही मी म्हणेन, पाठ दाखवायला नको होती. ऐकायला आलेला माणूस पाहुणा असतो. पाच आठवड्यांनी त्या पाहुण्यांनी हिशेब चुकता केला असं मात्र म्हणत नाही, कारण दोन्ही दिवशी तेच लोक होते की नाही कोण सांगणार.

पण ते गेले कुठे होते? हे आपल्या कानाला समजावून सांगायचं तर तंबोऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडे सा कायम असतो. गवई कितीही दूर भटकून आला तरी त्याला घर आहे आणि ते सतत मागे गुंजत असतं. पाश्चात्य संगीतात तंबोरा नाही, पण घरचा सूर असतोच. रचना तिथून निघते, आडवाटेला जाते, आपल्याला जरा घोर लावते आणि परत येते. परत येण्यातच तर सगळं सुख. एकोणिसाव्या शतकात वाग्नरपासून ही भटकंती लांबत गेली. शोनबर्ग आणि त्यांचे शिष्य १९०८-०९च्या सुमारास या टोकाला आले की आता घरी परतायचंच नाही. सा काढून टाकला! मग बाराही सूर सारखेच, कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही.

आपल्याकडेही नव्यावरून भांडणं झाली आहेत. कुमार गंधर्व आजारातून उठून पन्नाशीच्या दशकात पुन्हा गायला लागले, माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग बांधू लागले, तेव्हा आमच्या सासरी सरळ दोन पक्ष होते. सासरे म्हणायचे, हे गाणं नव्हे, हे तुकडे आहेत. आणि धाकटे भावजी रेडिओला कान लावून बसायचे. जेवताना त्या विषयावर बोलायचं नाही असा सासूबाईंचा दंडकच होता. पण एक फरक आहे. कुमारांचा सा जागच्या जागी होता. भांडण होतं ते घराण्याचं, ख्यालाच्या मांडणीचं, आवाज मध्येच तोडण्याचं. व्हिएन्नातल्या माणसाच्या पायाखालची फरशीच काढून घेतली होती. तो ओरडला यात मला नवल वाटत नाही.

दुसरंही एक कारण मला पटतं. १९११च्या जानेवारीत म्युनिकमध्ये शोनबर्गची मैफल ऐकून कांडिन्स्की या चित्रकाराने लगेच एक चित्र काढलं. पिवळाधमक रंग आणि पियानोचा काळा ठोकळा. ते चित्र आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे, आणि लोक त्याच्यासमोर प्रेमाने उभे राहतात. त्याच मैफलीतलं संगीत मात्र अजूनही पुष्कळांना नको असतं. असं का? मला वाटतं, चित्र आवडलं नाही तर दोन पावलं पुढे जाता येतं. संगीताला तसं नाही. दार बंद, आजूबाजूला माणसं, उठलं तर पंधरा जणांचे गुडघे ओलांडायचे. आणि डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये झालेला गोंधळ जास्त प्रसिद्ध आहे. तो तुम्ही बहुतेकांनी ऐकलेला असेल, म्हणून थोडक्यात सांगते. २९ मे १९१३, नुकतंच उघडलेलं शाँझेलीझे थिएटर, डियागिलेव्ह यांची रशियन नृत्यमंडळी, स्ट्राविन्स्की यांचं संगीत असलेलं 'वसंताचा विधी'. सुरुवातीलाच बसून हे वाद्य इतक्या वरच्या पट्टीत वाजतं की ते कुठलं वाद्य हेच कळेना. हशा सुरू झाला. पडदा वर गेला तर नाचणाऱ्या मुली पावलं आत वळवून दणादण उड्या मारताहेत! मग काय विचारता. नृत्य बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून मोठमोठ्याने मात्रा मोजत होता, कारण नर्तकांना ऑर्केस्ट्रा ऐकूच येईना. डियागिलेव्ह दिवे लावत-विझवत होते. कंडक्टर पियेर मोंतो मात्र ढळले नाहीत. त्यांनी शेवटच्या सुरापर्यंत वाजवलं. या सगळ्या धिंगाण्यात मला आदर वाटतो तो या गृहस्थांचा.

यातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली ही, की आदल्याच दिवशी निमंत्रितांसमोर रंगीत तालीम झाली होती, आणि ती शांतपणे पार पडली. संगीत तेच, नाच तोच. दुसरी ही, की वर्षभरात, एप्रिल १९१४ मध्ये, पॅरिसमध्येच मोंतोंनी नाच वगळून नुसतं संगीत वाजवलं तर लोकांनी स्ट्राविन्स्कींना खांद्यावर घेऊन मिरवलं. १९४० साली डिस्नेने त्याच संगीतावर पडद्यावर डायनोसॉर नाचवले. सत्तावीस वर्षांत दंगलीचं संगीत मुलांच्या सिनेमात!

आणि साक्षीदारांची गंमत. अमेरिकन लेखक कार्ल व्हॅन व्हेक्टन यांनी त्या रात्रीचं वर्णन केलंय. मागे बसलेला तरुण भान हरपून यांच्याच डोक्यावर मुठींनी ताल धरत होता, वगैरे. वर्णन झकास आहे, पण ते गृहस्थ पहिल्या रात्री नव्हते, दुसऱ्या प्रयोगाला होते. गर्ट्रूड स्टाइन याही दुसऱ्याच प्रयोगाला. इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचे, जी घटना फार गाजते तिला मागाहून साक्षीदार वाढत जातात. गाजलेल्या संगीत नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला हजर होतो म्हणणाऱ्यांची बेरीज केली तर थिएटरला चार मजले चढवावे लागतील.

परत व्हिएन्नाला जाऊ, कारण पुढचं मला सगळ्यांत विचार करण्यासारखं वाटतं. पहिलं महायुद्ध संपत होतं, साम्राज्य कोसळलं होतं, खायला नव्हतं. अशा वेळी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, शोनबर्ग यांनी एक मंडळ काढलं. नाव 'खासगी संगीत प्रयोगांची संस्था'. नियम ऐका. फक्त सभासदांना प्रवेश. समीक्षकांना बंदी. आज काय वाजणार हे आधी सांगायचं नाही, म्हणजे नको ते टाळून हवं त्यालाच कोणी येणार नाही. अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजवायची. तालमी भरपूर. आणि टाळ्याही नाहीत, शिट्ट्याही नाहीत. आवडलं तरी गप्प, नाही आवडलं तरी गप्प!

ऑर्केस्ट्राला पैसे नव्हते, तेव्हा मोठमोठ्या रचना पियानोवर किंवा चार-सहा वाद्यांवर बसवून घेत. दिब्युसी, रेगर, माहलर, बार्टोक, राव्हेल, स्ट्राविन्स्की, सगळे वाजले. पहिली दोन वर्षं शोनबर्ग यांनी स्वतःचं काही वाजवू दिलं नाही, हे विशेष. तीन वर्षांत ११७ कार्यक्रम झाले, त्यांत १५४ रचना मिळून ३५३ वेळा सादर झाल्या. म्हणजे सरासरी एक रचना दोनदा तरी ऐकायला मिळाली. १९२१ साली महागाईने पैशाची किंमतच उरली नाही आणि संस्था बंद पडली.

यातली 'पुन्हा ऐका' ही गोष्ट मला शंभर टक्के मान्य आहे. कुठली कविता वर्गात पहिल्या वाचनात कळली आहे? दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला मागच्या बाकावरचा एखादा मान वर करतो. पण टाळ्यांना बंदी? इथे माझं शोनबर्ग यांच्याशी जमत नाही. आपल्या संगीत नाटकांचे प्रेक्षक नाटक थांबवून वन्समोअर घेत, मैफलीत जाणकार माणूस 'क्या बात है' म्हणतो, आणि गाणाऱ्याचं गाणं त्या दादेने फुलतं. श्रोत्याला तोंडच नाही असं केलं की तो हळूहळू यायचाच बंद होतो. तसं झालंही. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत युरोप-अमेरिकेत नवं संगीत विद्यापीठांत जाऊन बसलं. १९५८ साली मिल्टन बॅबिट या अमेरिकन संगीतकाराचा लेख एका मासिकात आला, त्याचा मथळा होता, तुम्ही ऐकता की नाही याची कुणाला पर्वा आहे, अशा अर्थाचा. मथळा संपादकाने परस्पर दिला होता. बॅबिट यांनी दिलेलं शीर्षक अगदी सौम्य होतं. पण बिचाऱ्यांना तो मथळा आयुष्यभर चिकटला. चिकटला कारण लोकांना तो खरा वाटला.

माहलर यांची एक आठवण इथे सांगायलाच हवी. १९०७ साली शोनबर्ग यांची तीच रचना, जी पुढे थपडेच्या मैफलीत वाजली, व्हिएन्नात प्रथम झाली. लोक खुर्च्या आपटत उठून जाऊ लागले. माहलर तेव्हा व्हिएन्नाच्या ऑपेराचे प्रमुख, केवढं नाव! ते आपल्या जागी उभे राहिले आणि शेवटचा विरोधक बाहेर पडेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. घरी आल्यावर मात्र पत्नीजवळ कबूल केलं, की त्याचं संगीत मला कळत नाही, पण तो तरुण आहे, कदाचित त्याचंच बरोबर असेल. न कळलेल्या गोष्टीसाठी असं उभं राहणं मला कळल्याच्या टाळ्यांपेक्षा मोठं वाटतं. थपडेच्या दिवशी माहलर हयात नव्हते. उलट त्यांचीच गाणी त्या धुमश्चक्रीत राहून गेली.

आमचा भाचा परदेशी असतो. मी हे सगळं वाचते आहे म्हटल्यावर त्याने स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची 'फोर ऑर्गन्स' ही रचना ऐकायला पाठवली. चार इलेक्ट्रिक ऑर्गन आणि एक खुळखुळा. पंधरा-वीस मिनिटं एकच स्वरसमूह, तोच ताणत ताणत नेलेला. जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मायकेल टिल्सन थॉमस आणि बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राच्या वादकांनी हे वाजवलं तेव्हा प्रेक्षकांचा एवढा आरडाओरडा झाला की वादकांना एकमेकांचं वाजवणं ऐकू येईना. एक म्हातारी बाई पुढे येऊन बुटाने मंच बडवू लागली असं सांगतात, तर कोणी ओरडलं, बास, कबूल करतो! म्हणजे पोलिसी छळ चालल्यासारखं. मी पुरतं ऐकलं. सात-आठ मिनिटांनंतर मला त्यात भजनाच्या शेवटी झांजांचा जो गजर होतो त्याची आठवण आली. आमच्या ह्यांनी मात्र आतल्या खोलीतून विचारलं, मिक्सर बिघडलाय का?

आता उलटी गोष्ट. हेन्रिक गुरेत्स्की हे पोलंडचे संगीतकार. तरुणपणी तेही कडक नवमतवादी, पंडितांचे लाडके. १९७६ साली त्यांनी तिसरी सिंफनी लिहिली. तिन्ही भाग संथ, साध्या सुरांचे, तिन्हींत एकच बाई गाते. मधल्या भागाचे शब्द एका अठरा वर्षांच्या मुलीने १९४४ साली गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवर कोरलेले आहेत, आईला उद्देशून. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या रॉयां इथे, नव्या संगीताच्या महोत्सवात, ती पहिल्यांदा झाली, आणि पंडितांनी नाकं मुरडली. इतकं सोपं? इतकी तीच ती पुनरावृत्ती? हा मागे गेला!

१९९२ साली डॉन अपशॉ यांच्या आवाजातली तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि कधी अशा संगीताच्या वाटेला न गेलेल्या लोकांनी ती घेतली. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. सा काढून घेतला म्हणून श्रोते चिडले होते, आणि इथे सा परत आणला म्हणून जाणकार चिडले. गुरेत्स्कींनी मात्र त्या यशाच्या पाठोपाठ चौथी, पाचवी असा सपाटा लावला नाही. अठरा वर्षांनी, २०१० साली ते गेले तेव्हा चौथी सिंफनी कच्च्या खर्ड्यात होती. मुलाने ती पुरी केली आणि २०१४ साली लंडनमध्ये वाजली.

ती तिसरी मी दुपारी एकटी असताना लावते. पहिला भाग इतका हळू आवाजात सुरू होतो की पंखा बंद करावा लागतो.